दोन एकर रान की चोवीस दारं?

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथं देते.

‘ताई, मी बेचाळीस वर्षांची. चोवीस फ्लॅटच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहते. मिस्टर एका कारखान्यात हिशेबाचं काम बघतात. मुलगा यंदा दहावीला आहे. सासरे अठ्ठ्याहत्तरचे, त्यांना शुगर, इन्सुलिन चालू आहे. गेलं वर्षभर तेल कमी होत चाललंय, पुढं काय होणार, असले व्हिडिओ मी रात्री उशिरापर्यंत बघते आणि मग झोप लागत नाही. वाटतं, फ्लॅट विकावा, कुठंतरी दोन एकर रान घ्यावं, विहीर पाडावी, गाय पाळावी, आपलं आपण पिकवून खावं. मिस्टर म्हणतात, “तेल काय उद्या संपत नाही, डोक्यातनं काढ.” माझं माहेर खानापूर तालुक्यात. भाऊ शेती बघतो, पण बाबा गेल्यापासून जाणं-येणं कमी झालंय. सोसायटीत माझं कुणाशी फारसं बोलणं नाही. मी वेडी आहे का? आणि नसेन, तर सुरुवात कुठून करू?’

ताई, तुम्ही वेड्या नाही आहात. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो. स्वयंपाकाच्या गॅसचंही निम्म्याहून अधिक बाहेरचंच, आणि त्यातला मोठा वाटा आखातातून जहाजानं येतो. तिकडं खुट्ट झालं की आपल्या ओट्यापर्यंत त्याची झळ पोचते. याची काळजी वाटणाऱ्या बाईला वेडी म्हणू नये.

पण तुमच्या मिस्टरांचंही अर्धं खरं आहे. तेल एका सकाळी संपत नाही. ते महाग होतं, मग मिळेनासं होतं, मग पुन्हा मिळायला लागतं पण जुन्या भावानं नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो बाराच्या घरात गेला. मी तेव्हा दहा वर्षांची होते. रेशन दुकानासमोर रॉकेलची रांग लागायची. आई पाच लिटरचा पत्र्याचा डबा माझ्या हातात द्यायची आणि सांगायची, डबा ठेव, पण डब्यापासून हलू नकोस. रांगेत माणसांपेक्षा डबेच जास्त असायचे, ओळीनं मांडलेले, कुणाच्या डब्याला लाल दोरी, कुणाच्या कडीला चिंधी. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. तेल, साखर, धान्य, रॉकेल, सगळ्याच्याच टंचाईवर तो मोर्चा होता.

त्यामुळं तेलाविना जग कसं असेल, हे बघायला तुम्हाला व्हिडिओची गरज नाही. तुम्ही सांगलीत राहता. ऑगस्ट २०१९ आठवा. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. इकडं आमच्या कोल्हापुरात पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची रेघ कधीच ओलांडली होती. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि जवळपास आठवडाभर बंद राहिला. टँकर येईनात. पेट्रोलपंपांवर उरलेलं तेल बचावाच्या आणि अत्यावश्यक गाड्यांसाठी राखून ठेवलं. भाजी नाही. दुधाच्या जिल्ह्यात पोरांना दूध मिळेना. पाणी उपसणारी केंद्रं बुडाल्यानं नळ कोरडे. बाहेर धो धो पाऊस आणि घरात प्यायला पाणी नाही, अशी ती अवस्था.

आमची इमारत उंचावर आहे, सोळा घरांची. पाणी आमच्यापर्यंत आलं नाही, पण बाकी सगळं थांबलं. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षकांनी गच्चीच्या पावसाळी पाइपाला जुनी सुती साडी चौपदरी करून बांधली आणि खाली पिंप ठेवलं. अर्ध्या तासात पिंप भरलं. ते पाणी उकळून प्यायचं ठरलं. सोळा घरांत सोळा पातेली उकळायला लागली तेव्हा लक्षात आलं, की असं केलं तर गॅस चार दिवसांत संपेल. मग तळमजल्यावरच्या रिकाम्या गाळ्यात एक शेगडी मांडली, ज्यांच्याकडं भरलेला दुसरा सिलेंडर होता अशा तिघांनी तो खाली आणला आणि एकदाच मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्याच आचेवर पुढं सगळ्यांची खिचडी किंवा पिठलं-भात, असं सुरू झालं. सहा दिवसांत तीनातले दोन सिलेंडर संपले, तिसरा परत ज्याचा त्याला गेला. त्या सहा दिवसांत मला कळलं की तिसऱ्या मजल्यावरची मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, आणि ज्यांच्याशी पार्किंगवरून माझा दोन वर्षं अबोला होता त्यांच्या आईला रोज इंजेक्शन लागतं. दहा वर्षं एका जिन्यानं चढउतार करत होतो आम्ही. ही गोष्ट मला अजून टोचते.

म्हणून तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य मला तेलाचं वाटलं नाही. ‘सोसायटीत माझं कुणाशी फारसं बोलणं नाही’ हे वाटलं.

आता रानाचं बोलू. पहिली गोष्ट कायद्याची. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमच्या सासरी शेती नाही असं दिसतं. माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तुमचं नाव लागलंय का, हे आधी बघा. दलाल ‘होऊन जाईल हो’ म्हणेल, पण त्याच्या शब्दावर फ्लॅट विकू नका.

दुसरी गोष्ट मोठी आहे. अनोळखी गावात एकट्यानं घेतलेले दोन एकर तुम्हाला तेलातून सोडवत नाहीत, उलट जास्त गुंतवतात. नांगरटीला ट्रॅक्टर लागतो, त्याला डिझेल. विहिरीला मोटर लागते. खत पिशवीतून येतं. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्यातलाही बराच वायू आयात होतो. मुलाच्या शाळेला गाडी, सासऱ्यांच्या इन्सुलिनला गाडी, दळणाला गाडी. सांगलीत या तिन्ही गोष्टी तुम्हाला चालत किंवा सायकलवर मिळतात. टंचाईच्या दिवसांत दवाखान्यापासून दोन किलोमीटरवर असणं ही फार मोठी मिळकत आहे. आणि बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा खुरपं हातात धरून चार माणसांचं पोट भरणं सोपं नसतं. तुम्ही शेतकऱ्याची लेक आहात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

तुमच्याच तालुक्याचं घ्या. खानापूरचा भाग दुष्काळी. तिथं आता टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय, रानं हिरवी झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ते पाणी कृष्णेतून प्रचंड मोटरी लावून टप्प्याटप्प्यानं उचलून वर न्यावं लागतं. वीज थांबली की पाणी थांबतं. तेव्हा गाव म्हणजे स्वावलंबन आणि शहर म्हणजे परावलंबन, अशी सरळ वाटणी करता येत नाही.

पण तुमच्याकडं एक गोष्ट आहे जी विकत मिळत नाही. भाऊ आहे, आणि त्याचं रान आहे. फ्लॅट विकून दुसऱ्याच्या गावात रान शोधण्याऐवजी तुम्ही भावाकडं जा. वाटणी मागायला जाताय असं त्याला किंवा वहिनीला वाटू नये, म्हणून पहिल्या भेटीत सातबाऱ्याचा विषय काढू नका. कागद बघायचे ते तलाठ्याकडं किंवा ऑनलाइन बघून घ्या, त्यासाठी भावाला विचारायची गरज नाही. त्याच्याशी बोलायचं ते धान्याचं. वर्षाची शाळू, थोडा हरभरा, तूर, शेंगा असं तुमच्या घराला काय लागतं ते सांगा आणि पेरणीच्या वेळीच त्यातले निम्मे पैसे त्याच्या हातात ठेवा. त्याला तेव्हाच पैशाची नड असते. बाजारात भाव पडला तरी तुमचा ठरलेला भाव द्या, चढला तर त्यानंही ठरलेल्याच भावानं द्यावं. काढणीला दोन दिवस मुलाला घेऊन जा.

आपल्याकडं याला सावड म्हणायचे. आज तुझ्या रानात माझी माणसं, उद्या माझ्या रानात तुझी. नांगरटीला गावातली औतं एकत्र यायची ते इर्जिक. राबणाऱ्याला मजुरी नाही, जेवण. डिझेल नव्हतं तेव्हा शेती अशी व्हायची. ट्रॅक्टर आला आणि एकमेकांची गरज संपली. मी जुन्या काळाच्या आठवणीनं गहिवरणारी नाही. त्या सावडीतून गावकुसाबाहेरच्या माणसाला काय मिळायचं हेही मला माहीत आहे. पण ज्या दिवशी डिझेल परवडणार नाही, त्या दिवशी शेतात माणसं कुठून आणायची हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर त्याच दिवशी शोधून सापडत नाही.

एक सावधगिरी सांगते. भावाला ‘उद्यापासून सगळी रासायनिक खतं बंद कर’ असं सांगू नका. श्रीलंकेत सरकारनं एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचं उत्पन्न कोसळलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात निर्णय मागं घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी तिथं परकीय चलन आटलं, तेल आणायला पैसे उरले नाहीत, आणि मोटरसायकलला आठवड्याला चार लिटर असं मोजून पेट्रोल द्यायची वेळ आली. खत कमी करायचं ते एका वाफ्यापासून, तीन-चार वर्षं घेऊन, जमिनीत शेण आणि पालापाचोळा जाईल तसतसं. भावाकडं चार-पाच जनावरं असतील तर त्याला दोन घनमीटरचा गोबर गॅस बसवायला सांगा, जमलं तर त्यात तुमचेही पैसे घाला. रोज पन्नासेक किलो शेण लागतं, त्यातून महिन्याला जवळजवळ पावणेदोन-दोन सिलेंडरइतका गॅस मिळतो, आणि बाहेर पडणारी मळी खत म्हणून रानात जाते. वहिनीची चूलही सुटेल. बहिणीकडून मिळालेली ही भेट कुठल्याही भाऊबिजेपेक्षा मोठी ठरेल.

आता तुमच्या चोवीस दारांकडं वळू. इथं घाई करू नका. ‘तेल संपणार आहे, सगळ्यांनी मीटिंगला या’ असा मेसेज ग्रुपवर टाकलात तर कुणी येणार नाही आणि तुमच्यावर शिक्का बसेल तो वेगळा. विषय पाण्याचा काढा. ‘पुन्हा पूर आला आणि नळ बंद पडले तर आपल्या बिल्डिंगनं काय करायचं?’ एवढाच. सांगलीत या प्रश्नाला नाही म्हणणारं घर सापडणार नाही. गच्चीवर चहा ठेवा, कांदाभजी करा. सगळे येणार नाहीत, सात-आठ घरं आली तरी पुष्कळ.

त्या दिवशी एक वही काढा. कुणाच्या घरी कोण आहे, कोण कशात वाकबगार आहे, कुणाला रोजची औषधं लागतात, कुणाकडं शिडी, दोर, मोठी पातेली, पिंपं, सायकल, गॅसबत्ती आहे. कोण एकटं राहतं. तुमच्याकडं भिशी चालत असेल तर हे काम भिशीतच होऊन जाईल. बायकांना एकमेकींच्या घरातलं जेवढं माहीत असतं तेवढं सोसायटीच्या रजिस्टरला माहीत नसतं.

इन्सुलिनचा मुद्दा त्याच वहीत वर लिहा, कारण तुमच्या घराइतकाच तो आणखी तीन-चार घरांचा असणार. महिनाभराचा साठा डॉक्टरांना विचारून हाताशी ठेवायचा. वीज गेली तर मातीच्या दोन कुंड्या घ्यायच्या, एकात एक बसतील अशा, मधल्या जागेत वाळू भरायची, वाळू ओली ठेवायची, इन्सुलिन कोरड्या डबीत घालून आतल्या कुंडीत ठेवायचं आणि वर ओलं फडकं टाकायचं. माठाचं जे शास्त्र तेच इथं. फ्रिजइतकं गार होत नाही, आणि भर पावसाळ्यात हवा दमट असते म्हणून उन्हाळ्याएवढा गुणही येत नाही, पण उन्हाळ्यातल्या लांबलेल्या भारनियमनात औषध तापण्यापासून वाचतं. कुंड्या आत्ताच आणून एकदा करून बघा, थर्मामीटर ठेवून.

मग येतो गॅस. इथं तुमच्या मिस्टरांना कामाला लावा. ते हिशेबाचे आहेत आणि त्यांना भविष्यवाणीपेक्षा आकडे पटतील. नवा सिलेंडर लावला की त्यावर खडूनं तारीख लिहायची. तुमचा पंचेचाळीस दिवस चालत असेल तर वर्षाला आठ. चोवीस घरांचे एकशे ब्याण्णव. त्यातला पाव हिस्सा वाचला तर अठ्ठेचाळीस सिलेंडर. आणि पाव हिस्सा वाचवायला यंत्र लागत नाही, गोधडी लागते.

हे नीट सांगते, कारण लोकांना ते फार साधं वाटतं म्हणून कुणी करत नाही. तांदूळ अर्धा तास भिजत घाला. जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या पातेल्यात चांगली उकळी येऊ द्या, पाच मिनिटं ठेवा, गॅस बंद करा. पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाला वर्तमानपत्राचे जाड थर आणि त्यावर जुनी गोधडी अंथरलेली असू द्या. पातेलं झाकणासकट त्यात ठेवून चारी बाजूंनी आणि वरून गोधडी गच्च लपेटा. पाऊण ते एक तासानं उघडा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा झाकण काढताना वाफेनं चष्मा धुकटला आणि भाताचं शीत न् शीत सुटं होतं. तुरीची डाळ रात्री भिजवून सकाळी दहा मिनिटं उकळून अशीच ठेवली तर दोन तासांत बोटांनी चेपते. खायच्या आधी फोडणी देऊन पुन्हा एकदा खळखळून उकळायची. पातेलं किमान दोन तृतीयांश भरलेलं हवं, अर्धवट पातेल्यात ऊब टिकत नाही. मटण-चिकन या पद्धतीनं करू नका, आणि शिजलेलं अन्न त्यात दिवसभर ठेवू नका. माझ्या आजीकडं पितळेचा इकमिक कुकर होता, खाली मूठभर कोळसा आणि वर चार डबे. तिला यात नवं काहीच वाटलं नसतं.

दुसरी शेगडी विजेची ठेवा. एका सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला साधारण सव्वाशे युनिट लागतात. गॅस मिळेना तर ही शेगडी, वीज गेली तर गॅस. दोन्ही गेलं तर गच्चीवर चूल किंवा कोळशाची शेगडी, आणि ती गच्चीवरच. बंद खोलीत कोळसा पेटवू नका, त्याचा विषारी वायू दिसत नाही आणि माणूस झोपेतच जातो. पेट्रोल कॅनमध्ये भरून घरात साठवायचा विचार व्हिडिओ बघून मनात आला असेल तर तो आजच सोडा. चोवीस घरांच्या जिन्याखाली पेट्रोल ठेवणं म्हणजे पुराची वाट बघत आगीला बोलावणं.

सोलरबद्दल सगळे विचारतात. करा, पण एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही ती ऐका. छतावरची जी पॅनेल महावितरणच्या लाइनला जोडलेली असतात, ती वीज गेली की आपोआप बंद पडतात. भर दुपारी ऊन असलं तरीही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी रचनाच असते. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीनं लाखो रुपये घातले आणि पहिल्या भारनियमनात लिफ्ट, पंप, दिवे सगळं बंद बघून लोक अध्यक्षांवर धावून गेले. म्हणून ठेकेदाराला आधीच सांगायचं, की निदान पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे बॅटरीवर चालतील असा इन्व्हर्टर हवा. खर्च वाढतो. तरी तेवढा भाग सोडू नका, कारण टंचाईत उपयोगाचा भाग तोच आहे. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागं १८,००० रुपये अनुदान ठेवलेलं आहे. पावसाळ्यात उत्पादन कधी निम्म्यावर येतं, हे पुराच्या शहरानं विसरू नये.

गच्चीवर भाजी लावायची का? लावा, पण तिच्याकडून भाकरीची अपेक्षा करू नका. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला आणि क्युबाला येणारं स्वस्त तेल आटलं. हवानामधल्या मोकळ्या जागांत भाजीचे वाफे उभे राहिले, चीनहून दहा लाखांहून जास्त सायकली आणल्या, नांगराला बैल परत आले. हे कौतुकानं सांगितलं जातं. पण त्याच काळात, १९९२-९३ मध्ये, पन्नास हजारांहून जास्त लोकांची नजर आणि नसा अधू झाल्या. जेवणात ब जीवनसत्त्वं उरली नव्हती, हे त्याचं मोठं कारण. गच्चीचा उपयोग इथं होतो. कंपाउंडला शेवग्याची दोन छाटं रोवा, पाला काही महिन्यांतच खाता येतो. अळू, कढीपत्ता, राजगिरा, चवळई, माठ. बाकी भाजीसाठी बुधगाव-कवलापूरकडच्या एखाद्या शेतकरी कुटुंबाशी आठ-दहा घरांनी मिळून बोलणं करा. आठवड्यातून एक फेरी, ठरलेला दिवस, रोख पैसे. एवढ्या अंतरावरून सायकलनंसुद्धा भाजी येऊ शकते.

धान्य किती साठवायचं, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या मनात ते असणार. दोन महिन्यांचं. वर्षाचं भरून ठेवायची आपली जुनी रीत चांगलीच होती. गोव्यात अजून पावसाळ्याआधी मे महिन्यात पुरुमेंताची फेस्तं भरतात, सुकी मासळी, कोकम, मिरची, चार महिन्यांची बेगमी. पण फ्लॅटमध्ये जागा नसते, धान्याला टोके लागतात, आणि साठा ही अशी गोष्ट आहे की ती पुरात बुडते. तुमच्या शेजारचं हरिपूर बघा. तिथली हळदीची पेवं म्हणजे जमिनीत खणलेली कोठारं, वीज नाही, डिझेल नाही, वर्षानुवर्षं हळद जशीच्या तशी राहायची. पेठ उभी राहिली ती त्यांच्या बळावर. २००५ च्या महापुरात त्यातल्या कितीतरी पेवांत पाणी शिरलं. म्हणून थोडं तुमच्या घरी, थोडं वरच्या मजल्यावरच्या घरी, आणि उरलेलं भावाच्या कणगीत, असं तीन ठिकाणी ठेवा. तांदळाला एरंडेल चोळा, शाळू कडक उन्हात वाळवून कडुनिंबाचा पाला घालून भरा, आणि खाताना जुनं आधी खा.

झोपेचं सांगते. रात्री नऊनंतर ते व्हिडिओ बंद. त्यात सांगितलेलं सगळंच खोटं असतं म्हणून नव्हे. रात्री अकरा वाजता त्यावर करण्याजोगं काही हाताशी नसतं आणि मन नुसतं पोखरत राहतं. त्या वेळात डाळ भिजत घाला. पंधरा दिवस करूनही झोप येत नसेल, छातीत धडधडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका. मुलाला यातलं भयाचं काही सांगू नका, दहावीचं ओझं त्याला पुरे आहे. परीक्षा झाली की सायकलचं पंक्चर काढायला आणि मामाकडं पेरणीची पाभर धरायला शिकू द्या.

आणि मिस्टरांना ‘मी म्हणत होते ना’ असं कधीच म्हणू नका. त्यांच्याकडं वही द्या. पहिल्या सिलेंडरची तारीख त्यांच्याच हातानं लिहू दे. एक सिलेंडर नेहमीसारखा वापरा, दुसरा गोधडीच्या खोक्यासह. दोन्ही किती दिवस चालले आणि गच्चीवर चहाला किती घरं आली, हे तीन आकडे मला पुढच्या पत्रात कळवा. त्यावरून पुढचं ठरवू.